अपघात नसतानाही कोंडी का होते?

महामार्गावर गाड्या अचानक थांबतात, बराच वेळ मुंगीच्या पावलांनी सरकतात आणि मग रस्ता एकदम मोकळा होतो. वाटेत ना अपघात दिसतो, ना रस्त्याचे काम. मग कोंडी झाली कशाने? उत्तर घनता, वेग आणि प्रवाह यांच्या नात्यात आहे.

एका किलोमीटरमध्ये जितक्या गाड्या, ती घनता. एखाद्या ठिकाणाहून तासाभरात जितक्या गाड्या पुढे जातात, तो प्रवाह. घनतेला वेगाने गुणले की प्रवाह मिळतो. पण गर्दी वाढली की चालक वेग कमी करतात, हीच यातली खरी गोम. अमेरिकी अभियंते ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी ओहायोतील रस्त्यांवरची वाहतूक कॅमेऱ्याने टिपून ती मोजली आणि घनता वाढते तसा वेग सरळ रेषेत घटतो, असे १९३५ मध्ये मांडले.

समजा, रिकाम्या लेनवर वेग ताशी ८० किलोमीटर आहे आणि किलोमीटरमागे १०० गाड्या झाल्या की सारे ठप्प होते. २० गाड्या असताना वेग ६४ आणि प्रवाह तासाला १,२८० गाड्या. ५० गाड्यांना वेग ४०, पण प्रवाह २,०००, हा सर्वाधिक. ८० गाड्या झाल्या की वेग १६ वर येतो आणि प्रवाह पुन्हा १,२८०! रस्त्यावर गाड्या चौपट, प्रवासाला वेळ चौपट, आणि पुढे जाणाऱ्या गाड्या मात्र तेवढ्याच. प्रत्यक्षातला आलेख इतका रेखीव नसतो. पण ठरावीक घनतेपलीकडे प्रवाह घटतो, हे खरे.

या टप्प्यावर कोंडीला निमित्तही लागत नाही. जपानमध्ये युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या ताशी ३० किलोमीटरने चालवायला सांगितल्या. थोड्याच वेळात काही गाड्या थांबू लागल्या आणि थांबण्याची ती लाट ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकत राहिली. हा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याने ब्रेकवर हलका पाय ठेवला की मागचा किंचित उशिरा, पण जास्त जोरात ब्रेक दाबतो. असे करत करत कुणीतरी पूर्ण थांबतो.

म्हणून रस्त्यावर येणाऱ्या गाड्यांना थोडे रोखणे फायद्याचे ठरते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात द्रुतगती मार्गांच्या प्रवेशावर गाड्यांना असे रोखणारे सुमारे ४३० सिग्नल २००० साली काही आठवडे बंद ठेवले, तेव्हा त्या मार्गांवरचा प्रवाह ९ टक्क्यांनी घटला.

आपल्याकडे दुचाकी, रिक्षा आणि ट्रक एकाच रस्त्यावर असतात, त्यामुळे हिशेब अधिक किचकट होतो. तत्त्व बदलत नाही. नुसते रस्ते रुंद करण्याइतकेच रस्त्यावरची घनता आवरण्याकडेही नियोजनकर्त्यांनी लक्ष द्यायला हवे. आणि गर्दीत गाडी चालवताना आपण पुढच्या गाडीपासून अंतर राखावे, वेग एकसारखा ठेवावा. रिकामी दिसणारी ती जागाच मागच्या शेकडो गाड्यांना चालते ठेवते.