म्हणजे केवढे?

रिचर्ड फाइनमन हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. भौतिकीतील कार्याबद्दल १९६५ सालचे नोबेल पारितोषिक या अमेरिकन शास्त्रज्ञाला दोघांसमवेत विभागून मिळाले. त्यांचे वडील मेलव्हिल मात्र शास्त्रज्ञ नव्हते. गणवेश विकणे हा त्यांचा व्यवसाय. लहानग्या रिचर्डला मांडीवर घेऊन ते 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका' वाचून दाखवीत.

एकदा टायरॅनोसॉरसची माहिती आली. उंची २५ फूट, डोके ६ फूट रुंद. वडील तेथेच थांबले. म्हणजे केवढे? हा प्राणी अंगणात उभा राहिला, तर डोके वरच्या मजल्याच्या खिडकीपाशी येईल. पण आत शिरणार नाही, कारण खिडकी अरुंद! रिचर्डला ते आयुष्यभर आठवले.

(ते आकडे त्या काळचे. हा प्राणी शेपूट उचलून, अंग आडवे धरून चाले. लांबी सुमारे १२ मीटर, कमरेपाशी उंची सुमारे ४ मीटर, असे आता मानतात. तेव्हा खिडकीचा हिशेब तुम्हीच पुन्हा करा.)

आपण काय करतो? सूर्य पृथ्वीपासून १५ कोटी किलोमीटर दूर आहे, हे घोकतो. उत्तरपत्रिकेत चुकून १५ लाख लिहिले, तरी मनाला खटकत नाही. आता असे पाहा : ताशी १०० किलोमीटर वेगाने न थांबता जाणाऱ्या गाडीला तेथे पोचायला १७१ वर्षे लागतील. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी १८५३ साली सुटली. ती त्या वेगाने सूर्याकडे निघाली असती, तर २०२४ साली पोचती!

पुष्कळ घरांत 'वाच, वाच' असे सांगणारे पालक स्वतः दूरदर्शनसंचासमोर किंवा मोबाईल घेऊन बसलेले असतात. अशा सांगण्याचा उपयोग होत नाही, हे शिक्षकांना ठाऊक आहे. 'आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय वाचून घेणार?' असेही काही पालक म्हणतात. हे मात्र मला पटत नाही. आई भाकऱ्या थापत असताना मुलाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. उच्चार चुकला म्हणून टोकू नये. फक्त 'म्हणजे केवढे?' एवढे विचारावे. उत्तर आईला यायलाच हवे असे नाही.

समजा, बातमी आहे : 'काल २५ मिलिमीटर पाऊस.' वडिलांना मिलिमीटर परका, पण गुंठा चांगला परिचयाचा. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी साचले, तर ते बरोबर एक लिटर भरते. म्हणजे कालच्या पावसाने गुंठ्याला अडीच हजार लिटर पाणी दिले. पंधरा लिटरची घागर धरली, तर किती घागरी? आणि त्यांतले जमिनीत मुरले किती, ओढ्याला वाहून गेले किती? हे वर्तमानपत्रात नसते. ते वडिलांना विचारावे लागेल.