अंगणातली आगगाडी

भूम गावात रेल्वे नाही. आपल्याला जवळची बार्शीची. तिथे पूर्वी छोटी गाडी होती. लोक तिला ‘बार्शी लाइट’ म्हणत. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती बांधली. 1897 साली ती बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, अशी धावू लागली. 1911 साली ती लातूरला पोचली. 2008 पर्यंत या मार्गावर मोठे रूळ आले. छोटी गाडी गेली. आता नातवंडांना ती दाखवायची कशी? आम्ही म्हणतो, अंगणात तिची नक्कल करावी. परदेशात बागेत असे रूळ घालणारे हौशी लोक पुष्कळ आहेत.

आधी माप ठरवू. बार्शी लाइटच्या दोन रुळांत अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर अंतर होते. बागेतल्या गाडीला बहुधा 45 मिलिमीटर ठेवतात. 762 ला 45 ने भागा. सुमारे 17 येतात. म्हणजे सगळे 17 पट लहान करायचे. साडेपाच फुटांचा माणूस चार इंचांची बाहुली होईल!

वीतभर रुंद चर खणा. मुरूम चोपून बसवा. वर बारीक खडी घाला. खडीतून पावसाचे पाणी निघून जाते, रूळ खचत नाहीत. खडीवर बाभळीच्या पट्ट्या आडव्या मांडा. त्यांना खाचा पाडून लोखंडी पट्ट्या उभ्या बसवा, हे झाले रूळ. सांध्यात थोडी फट ठेवा बरे का. लोखंड उन्हात वाढते. 10 मीटर पट्टी 40 अंशांनी तापली तर सुमारे 5 मिलिमीटर वाढते. फट नसेल तर रूळ वाकतात.

खरी कसोटी वळणावर. बैलगाडीची दोन चाके आसावर सुटी फिरतात. वळताना बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी. आगगाडीची चाके आसाला पक्की असतात. मग ती वळते कशी? चाक थोडे निमुळते असते. कडेकडे जाड, बाहेर बारीक. वळणावर जोडी बाहेरच्या बाजूला सरकते. तिथले चाक जाड भागावर चालते आणि जास्त अंतर कापते. पण हे सरकणे थोडेच. वळण आखूड असले की चाकाची कड रुळाला घासते, वर चढते, आणि डबा आडवा होतो. म्हणून खुंटी ठोका, पाच फूट दोरी बांधा आणि तिने गोल आखा. मोठ्या रेल्वेलाही हा नियम चुकत नाही. रूळ जवळजवळ असले की वळण जरा आखूड चालते. मग टेकडी फोडायची गरज कमी, खर्च कमी. छोट्या रुळांचा फायदा हाच.

बरोबर 45 मिलिमीटरचा लाकडी ठोकळा करून घ्या. तो रुळांमधून सरकवत न्या. इंजिनाची घाई नको. आधी रिकामा डबा हाताने ढकला. जिथे पडेल तिथे ठोकळा लावून पाहा.