लेणी वाचायला शिकवणारे जेम्स फर्ग्युसन : काय घ्यावे, काय टाकावे?

पुण्यात फर्ग्युसन म्हटले की कॉलेज आणि रस्ता आठवतो. त्या कॉलेजला ज्यांचे नाव दिले आहे, ते सर जेम्स फर्ग्युसन 1880 ते 1885 या काळात मुंबई प्रांताचे गव्हर्नर होते. त्याच काळात अगदी त्याच नावाचे दुसरे एक गृहस्थही होते. लेण्यांवर अभ्यासाला जाणाऱ्या आपल्या तरुणांनी माहीत करून घ्यायला हवे ते या दुसऱ्या फर्ग्युसन यांना. अनेकदा या दोघांची गल्लत होते, म्हणून सुरुवातीलाच हे सांगितले.

हे जेम्स फर्ग्युसन 1808 साली स्कॉटलंडमधील एअर या गावी जन्मले. घरच्या व्यापारी पेढीच्या कामासाठी ते तरुणपणीच कलकत्त्याला आले आणि पुढे निळीच्या धंद्यात शिरले. दहा-बारा वर्षांत भरपूर पैसा मिळवून त्यांनी धंद्यातून अंग काढून घेतले. नीळ पिकवणाऱ्या बंगालच्या शेतकऱ्यांचे काय हाल होत, हे इतिहासात नोंदलेले आहे. फर्ग्युसन यांच्या विद्याव्यासंगाला लागलेला पैसा त्याच धंद्यातला होता, हे आपण विसरू नये.

प्रवास, रेखाटने आणि एक निबंध

1835 ते 1842 या काळात त्यांनी भारतभर प्रवास केला. कॅमेरा ल्युसिडा नावाचे एक उपकरण असते. त्यातून समोरच्या वस्तूची प्रतिमा कागदावर पडल्यासारखी दिसते आणि ती पेन्सिलीने गिरवता येते. ते घेऊन त्यांनी लेणी, मंदिरे, मशिदी यांची रेखाटने केली, मापे घेतली. अजिंठा, वेरूळ, कार्ले ही आपली लेणी त्यात होती. वास्तुशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. ते संस्कृत-पालीचे पंडितही नव्हते.

1843 साली त्यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील कोरीव लेण्यांवर निबंध वाचला. लेण्यांची पडझड होत आहे, ती थांबवा, अशी विनंती सोसायटीने मग ईस्ट इंडिया कंपनीला केली. त्यातून 1844 साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली आणि 1848 साली मुंबईत लेण्यांसाठी आयोग नेमला गेला. गिल यांच्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या, ही वेगळी शोककथा.

अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे लंडनला नेल्यावर एका इमारतीच्या तबेल्यात धूळ खात पडली होती. 1867 सालच्या पॅरिस प्रदर्शनासाठी साहित्य शोधताना फर्ग्युसन यांना ती सापडली. सांची आणि अमरावतीवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ 1868 साली आला. 1876 साली भारतीय आणि पौर्वात्य वास्तुकलेचा इतिहास आला आणि 1880 साली जेम्स बर्जेस यांच्यासह लिहिलेला भारतातील लेण्यांवरचा ग्रंथ. 1886 साली ते वारले.

त्यांची पद्धत भाजे आणि कार्ल्यात पाहा

इमारत हाच पुरावा, असे ते मानत. ग्रंथांच्या काळाबद्दल वाद होऊ शकतो, पण दगडात कोरलेला आकार नंतर कोणी बदलला तर ते दिसून येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो कसा लागू पडतो हे पाहायला मळवली स्टेशनावर उतरावे. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. एका दिवसात दोन्ही होतात.

भाजे येथील चैत्यगृहाचे खांब साधे अष्टकोनी आहेत आणि ते सरळ नसून आतल्या बाजूला कललेले आहेत. दगडात त्याची काहीच गरज नव्हती. पण लाकडी इमारतीत कमानदार छताचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार खांब आत कलवतो. म्हणजे कोरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लाकडी चैत्यगृह होते. समोरची दर्शनी बाजू तर खरोखरच लाकडाची होती. ती गेली, तिच्या खोबणी राहिल्या.

आता कार्ल्याला या. येथे खांब सरळ उभे आहेत. खाली घटाचा आकार आहे, वर हत्तींवर बसलेली माणसे आहेत. कारागिराला आता दगडाची सवय झाली आहे. तरी छताला लाकडी फासळ्या आहेतच, स्तूपावर लाकडी छत्रही आहे. लाकडाची नक्कल जितकी जास्त तितके लेणे जुने, या ढोबळ कसोटीवर फर्ग्युसन यांनी चैत्यगृहांचा क्रम लावला. भाजे आधीचे आणि कार्ले नंतरचे, हे आजही मान्य आहे.

पण खांबांवरचे लेख वाचले की आणखी काही कळते. कार्ल्याच्या एका लेखात दाराचे काम करणाऱ्या धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराची नोंद आहे. दान देणाऱ्यांत यवनही आहेत. आकारावरून काळ लावता येतो, पण हात कोणाचे होते हे लेखच सांगतात. त्यासाठी ब्राह्मी लिपी यायला हवी.

कुठे चुकले?

भारतीय लोक दगडात बांधायला ग्रीकांच्या संपर्कानंतरच, अशोकाच्या काळाच्या आसपास शिकले, असे फर्ग्युसन यांचे मत होते. राजेंद्रलाल मित्र या बंगाली विद्वानाने ते पुराव्यानिशी खोडायचा प्रयत्न केला. बुद्धगयेवर 1878 साली ग्रंथ लिहिणारे हेच मित्र. फर्ग्युसन यांनी 1884 साली मित्र यांच्याविरुद्ध एक स्वतंत्र पुस्तकच काढले. इल्बर्ट बिलाचा वाद तेव्हा पेटलेला होता. भारतीय न्यायाधीशाने युरोपियन माणसाचा खटला चालवावा का, हा प्रश्न फर्ग्युसन यांनी या विद्वत्तेच्या भांडणाला जोडला. पुढे धोलावीरासारख्या ठिकाणी अशोकाच्या कितीतरी आधीचे घडीव दगडाचे काम उजेडात आले.

दुसरी चूक आपल्या अधिक जवळची आहे. इमारतीवरून बांधणाऱ्यांचा वंश ओळखता येतो, असे त्यांना वाटे. बौद्ध धम्म हा 'तुराणी' मूलनिवासी वंशाचा, आर्य लोक बांधकाम करणारे नव्हेत, अशी त्यांची मांडणी होती. हे वाचून आपल्यातल्या काहींना बरे वाटते आणि ते पोस्टमधून फिरवले जाते. येथे थांबायला हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या 1946 सालच्या ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धान्त तपासून नाकारला. 1948 सालच्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे, हे मतही त्यांनी फेटाळले. आपल्या बाजूचे वाटते म्हणून वंशाची भाषा स्वीकारली, तर बाबासाहेबांनी बंद केलेले दार आपणच उघडू.

आम्हाला वाटते, फर्ग्युसन यांची पद्धत घ्यावी आणि वंशाचे निष्कर्ष सोडून द्यावेत. एखाद्या लेण्याबद्दल दावा करताना आपल्याकडे मापे, रेखाटन, फोटो आणि लेखाचे वाचन असेल, तर समोरच्याला ते नाकारणे जड जाते. नुसत्या घोषणेला तो हसून बाजूला सारतो.

पुढच्या लेणी दौऱ्यात वंदना झाल्यावर तासभर राखून ठेवा. मोजपट्टी, वही आणि पेन्सिल घ्या. भिंतीला, शिल्पाला हात न लावता खांब मोजा, कललेले की सरळ ते लिहा, खोबणी कुठे आहेत ते काढा. ब्राह्मी येणारा एक तरी मित्र सोबत न्या. निळीचा एक व्यापारी, हाताशी पदवी नसताना, हे करू शकला. ही लेणी तर आपल्या घराजवळ आहेत.