ट्रॉलीतली पाण्याची टाकी नुसत्या दोरीवर सोडू नका

चैत्र लागला की विहिरी तळ गाठतात आणि बागायतदाराच्या दारातल्या ट्रॉलीत पाण्याची टाकी चढते. मोसंबी, डाळिंबाची झाडे जगवायची, गोठ्यातल्या जनावरांना पाजायचे, घरचे प्यायचे पाणीही त्यातूनच. टाकी ट्रॉलीत ठेवली, नायलॉनच्या दोरीचे दोन वेढे मारले, निघाले! ‘काय होतंय, दोन किलोमीटरचा तर रस्ता आहे,’ असे आपण म्हणतो. टाकी उलटते ती याच दोन किलोमीटरमध्ये.

लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वाघिणी पातळ माल नेण्यासाठीच बनवलेल्या होत्या. आपली ट्रॉली मात्र ऊस, खत, मुरूम वाहण्यासाठी. पोते ठेवले तिथेच बसते, पाणी बसत नाही.

हिशेब साधा आहे. १००० लिटर पाणी म्हणजे १००० किलो, पुरता एक टन. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी ट्रॉली तीन मीटरमध्ये थांबली, तर ही टाकी सुमारे ५०० किलोच्या जोराने पुढे रेटते. समोर कोण असते? ट्रॅक्टर चालवणारा आपलाच पोरगा.

त्यातही अर्धी टाकी जास्त धोक्याची. तुडुंब भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. अर्ध्या टाकीतले पाणी वळणावर बाहेरच्या बाजूला धावते, ब्रेक लावला की पुढे आदळते. झाडागणिक पाणी सोडत गेलो की टाकी अर्धी होणारच. म्हणून एक मोठी टाकी घेण्यापेक्षा दोन-तीन लहान टाक्या किंवा २०० लिटरची पाच पिंपे बरी. एक पूर्ण रिकामे करा, मगच दुसऱ्याला हात लावा. गच्चीवरच्या उंच टाकीपेक्षा बुटकी, रुंद टाकी निवडा. फवारणीच्या औषधाचे पिंप प्यायच्या पाण्याला कधीही वापरू नका.

टाकी बसवायची कशी?

आधी ट्रॉलीचा तळ झाडून घ्या. खडा किंवा बोल्टचे डोके टाकीच्या बुडाखाली राहिले तर भाराने प्लॅस्टिक तिथेच फुटते. तळ सपाट नसेल तर जाड फळ्या टाका, वर जुने रबर अंथरा.

दोन चाकांच्या ट्रॉलीत टाकीचा भार आसावर, किंचित पुढे घ्या. मागे गेला तर ट्रॉलीची दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. फार पुढे आला तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड हलके होते. ट्रॉली टिपिंगची असेल तर हौद्याची खीळ बसली आहे ना, हे हात लावून पाहा.

आता मुख्य काम. टाकी सरकू देत नाही ती दोरी नव्हे, बुडाशी ठोकलेले लाकूड. टाकीच्या चारही बाजूंना लाकडी ठोकळे घट्ट लावा आणि नटबोल्टने तळाला पक्के करा. कायम पाणी वाहणाऱ्याने गावच्या वेल्डरकडून अँगलची चौकट करून घ्यावी. टाकीला लागणाऱ्या कडांना रबर लावावे.

मग वरून दोन पट्टे फुलीसारखे टाका. ट्रकवाले माल आवळायला वापरतात तो रुंद पट्टा उत्तम. नायलॉनची दोरी ताणते, उन्हात कुजते. पट्ट्याची टोके सांगाड्याला वेल्ड केलेल्या कड्यांत अडकवा. फाळक्याला, तोटीला किंवा झाकणाच्या गळ्याला बांधू नका. भरलेली टाकी फुगते, रिकामी होताना आत येते आणि पट्टा ढिला पडतो. म्हणून प्रत्येक थांब्यावर पट्टा पुन्हा आवळा. पंपाने पाणी ओढताना हवेला वाट ठेवा, नाहीतर टाकी आत चेपते.

टाकीशेजारी माणूस बसवू नका, पोरांना तर मुळीच नको. पिकअपमध्ये टाकी ठेवणाऱ्यांनी गाडी किती भार नेऊ शकते हे आधी पाहावे, टाकीचे माप नंतर ठरवावे.

सरपंच, ग्रामसेवकांसाठी

गावाला पाणी देण्यासाठी ट्रॉली भाड्याने घेताना फक्त खेपा आणि लिटर लिहू नका. चौकट, ठोकळे, पट्टे आणि झाकण आहे का, हे पहिल्या खेपेआधी स्वतः पाहून नोंदवहीत लिहा. नसेल तर ती ट्रॉली लावू नका. वाड्यावस्त्यांवर ट्रॉली पोहोचली की बायापोरे हंडे घेऊन तिच्याभोवतीच गर्दी करतात, हे विसरू नका.

चार ठोकळे आणि दोन पट्टे यांचा खर्च एका टाकीच्या किमतीपुढे काहीच नाही. घरच्या माणसाच्या मोलापुढे तर बोलायलाच नको. उद्या सकाळी पहिली खेप भरण्याआधी एकदा ट्रॉलीखाली वाकून पाहा.