नोंदवहीनेच चोराला दार उघडलं! काय होतं 'लॉगफोरशेल' प्रकरण?

वेबसाइटवर कोण आलं, काय टाइप केलं, कुठे एरर आली, हे सर्व्हर सतत लिहून ठेवतो. या नोंदी म्हणजे लॉग. हल्ला झाला की तपास तिथूनच सुरू होतो. डिसेंबर २०२१ मध्ये मात्र नोंद ठेवणारं सॉफ्टवेअरच हल्ल्याची वाट ठरलं.

'लॉगफोरजे' ही जावा प्रोग्रॅममध्ये सर्रास वापरली जाणारी मोफत लायब्ररी. ठरावीक साच्यातला मजकूर आला की ती तो नुसता लिहून न ठेवता आज्ञा समजायची. त्यातल्या पत्त्यावर संपर्क साधून तिथला कोड आणून चालवायची. माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये तर एक ओळ टाकणं पुरेसं होतं! हा दोष २०१३ पासून कोडमध्ये होता. धोक्याची पातळी ठरली १० पैकी १०.

दुरुस्तीही एका फटक्यात झाली नाही. २.१५.० आवृत्ती अपुरी पडली, मग २.१६.०, २.१७.०... त्यात ही लायब्ररी इतर सॉफ्टवेअरच्या पोटात दडलेली, त्यामुळे आधी ती शोधण्यातच ॲडमिन मंडळींची दमछाक झाली.

अपडेटनंतर जुने लॉग चाळायचे, त्यात 'जेएनडीआय' शोधायचं. सापडलं, तर कुणीतरी दार ठोठावलं होतं. (चलाख हल्लेखोर हा शब्दही तोडून-मोडून लिहायचे.) दार उघडलं का, हे सर्व्हरवरून बाहेर गेलेल्या कनेक्शनच्या नोंदींवरून कळतं. त्या ज्यांनी आधीच पुसल्या होत्या, त्यांना ते ठरवणं फारच अवघड गेलं.