कोड पाठवला, म्हणजे निर्यात केली का?

एक्सपोर्ट म्हटलं की डोळ्यांसमोर न्हावाशेवाचे कंटेनर येतात ना? माझ्याही यायचे. मग एका शुक्रवारी आमचं रिलीज अडकलं. परदेशातल्या ग्राहकाला नेटवर्कच्या उपकरणाचा सोर्स कोड द्यायचा होता. लिंक तयार होती, तेवढ्यात कंप्लायन्सच्या मॅडमनी विचारलं, "स्कोमेट बघितलं का?" मी म्हटलं, ते काय असतं?

तर स्कोमेट ही भारत सरकारची यादी. नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांना चालणारी रसायनं, यंत्रं, तंत्रज्ञान त्यात असतं. यादीतलं काही बाहेर पाठवायचं तर सहसा डीजीएफटीची परवानगी लागते. आणि ईमेलने गेलेलं सॉफ्टवेअरही निर्यातच!

एन्क्रिप्शन आठव्या कॅटेगरीत येतं. सिमेट्रिक की 56 बिटांपेक्षा लांब असेल तर नीट तपासायचं. आमचं एईएस 256 बिटांचं. आता लगेच घाबरू नका, दुकानात कुणालाही मिळणाऱ्या प्रॉडक्टना अटींवर सूट आहे. पण आमचा कोड एकाच ग्राहकासाठी लिहिलेला, त्यात कुठे बसणार?

"एचएस कोड टाकलाय की!" असं मी म्हणून बघितलं. त्याचा उपयोग कस्टम्सला. स्कोमेट वेगळं तपासावं लागतं.

मग अर्ज, आणि माल कोण, कशासाठी वापरणार याचं ग्राहकाकडून सही केलेलं एंड यूजर सर्टिफिकेट. ग्राहक चिडला, तारीख गेली. आता आमच्या रिलीजच्या तिकिटात "कोणाला, कशासाठी" हा रकाना पहिला असतो. तो रिकामा असेल तर लिंक तयारच होत नाही.