कातकामाची शिकवणी

आरेवर गरगर फिरणारा लाकडी भोवरा जन्माला येतानाही फिरतच आलेला असतो. लाकडाचा चौकोनी ठोकळा दोन टोकांच्या मध्ये पकडून जोराने फिरवावा, फिरत्या लाकडाला धारदार पटाशी लावावी, आणि नको असलेला भाग सोलून काढावा, म्हणजे भोवरा तयार होतो. लाटणे, देव्हाऱ्याचे नक्षीदार खांब, पाळण्याचे दांडे, बुद्धिबळातील प्यादी, हे सारे याच रीतीने घडते. या कामाला कातकाम म्हणतात, आणि ते करणारा तो कातारी. सूत काततात तसेच लाकूडही काततात. दोन्हींत फिरणे आहे, आणि दोन्हींत बोटांचे कसब आहे.

ज्या यंत्रावर लाकूड कातले जाते त्याला आज सर्वत्र लेथ म्हणतात. नवी मुंबईच्या कडेने ठाण्यापासून बेलापूरपर्यंत कारखान्यांचा जो लांबलचक पट्टा पसरला आहे, तेथे लेथ काही नवलाईची वस्तू नाही. परंतु ते बहुधा लोखंड कातणारे लेथ होत. त्यांत हत्यार यंत्रालाच घट्ट आवळलेले असते. मूठ फिरवली की हत्यार ठरलेले अंतर पुढे सरकते. ते थरथरत नाही की दचकत नाही. लाकडाच्या साध्या लेथवर मात्र हत्यार माणसाच्या हातात असते. यंत्र केवळ लाकूड फिरवते. हत्यार कोठे टेकवायचे, किती वळवायचे, केव्हा मागे घ्यायचे, हे सर्व हातानेच ठरवायचे असते. म्हणून लेथ विकत आणला म्हणजे कातकाम आले असे होत नाही. हात शिकवावा लागतो, आणि तो दुसऱ्या शिकलेल्या हातानेच शिकवावा लागतो.

ही विद्या फार जुनी आहे. इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुरोहिताच्या थडग्यात सुमारे 2300 वर्षांपूर्वीचे एक कोरीव चित्र आहे. त्यात एक माणूस दोरी ओढून वस्तू फिरवीत आहे आणि दुसरा तिला हत्यार लावीत आहे. आपल्याकडील जुने कारागीर जमिनीवर बसून धनुष्याच्या दोरीने लाकूड फिरवीत. एक हात धनुष्यावर असे, आणि हत्यार धरण्यास दुसऱ्या हाताबरोबर पायाचीही मदत घ्यावी लागे.

कातकाम शिकण्यासाठी घरी शिक्षक ठेवणाऱ्यांत एक सम्राटही होता. रशियाचा पीटर हा राजा राज्यकारभारातून वेळ काढून लाकूड आणि हस्तिदंत कातीत बसे. 1712 साली त्याने आंद्रेई नार्टोव्ह या तरुण कारागिराला सेंट पीटर्सबर्ग येथे आपल्या खास कर्मशाळेत बोलावून घेतले. त्या वेळी नार्टोव्ह अवघा एकोणीस वर्षांचा होता. पुढे राजाने त्याला युरोपात पाठवले, तेव्हा पॅरिसमध्ये ऑर्लेआँच्या ड्यूकनेही त्याच्याकडे कातकामाचे धडे घेतले. याच नार्टोव्हने हत्यार यंत्रातच धरून सरकवणारे लेथ बनवले! ज्याने राजाच्या हाताला वळण लावले, त्यानेच हाताला रजा देण्याची वाट दाखवली, ही मोठी मौज आहे. कारखान्यांतील लोखंड कातणारे लेथ याच कल्पनेवर चालतात.

राजाने कारागिराजवळ शिष्य म्हणून बसल्याचे उदाहरण शोधण्यास रशियापर्यंत जाण्याचे कारण नाही. बेलापूरला कोकण रेल्वेचे मुख्य कार्यालय आहे, आणि त्याच रेल्वेने दक्षिणेकडे निघाले की सावंतवाडी लागते. तेथील चितारआळीतील रंगीत लाकडी खेळणी आणि फळे महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहेत. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. ते बनवण्याची कला सावंतवाडीत जवळजवळ लोपली होती. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ती पुंडलीक चितारी या वृद्ध कलावंताकडून शिकून घेतली, आणि राजवाड्यात कारागिरांना काम व शिक्षण मिळण्याची सोय केली. एका म्हाताऱ्या माणसाच्या बोटांत जे उरले होते, ते वेळीच दुसऱ्या बोटांत उतरले. ही कला रंगकामाची खरी. परंतु कातकामाचीही स्थिती निराळी नाही. पूर्वी कातारी बापाचा मुलगा दुकानात भुसा झाडता झाडता काम शिके. ज्याच्या घरात कोणी कातारी नाही, त्याने काय करावे? नवी मुंबईसारख्या शहरात बहुतेक कुटुंबे बाहेरून येऊन वसलेली आहेत. तेथे वडिलोपार्जित कर्मशाळा कोठून असणार! अशा माणसाला जाणत्या कारागिराची खाजगी शिकवणी हाच सरळ मार्ग आहे.

या शिकवणीचा पहिला पाठ हत्याराचा नसून अंगावरच्या कपड्यांचा असतो. सैल बाही, ओढणी, गळ्यातील माळ, मोकळे केस यांपैकी काहीही फिरत्या लाकडात सापडले तर ते माणसाला आत ओढते. मग लाकूड पक्के बसवायचे, यंत्र चालू करण्यापूर्वी ते हाताने एक फेरा फिरवून पाहायचे, आणि डोळ्यांवर संरक्षक काच चढवून एका बाजूला उभे राहायचे. वेगाचा हिशोबही येथेच शिकवला जातो. लेथ मिनिटाला 1000 फेरे घेत असेल, तर 5 सेंटिमीटर जाडीच्या लाटण्याचा पृष्ठभाग ताशी सुमारे 9 किलोमीटर वेगाने, म्हणजे धावणाऱ्या मुलाइतका, पळतो. त्याच लेथवर 30 सेंटिमीटर रुंदीची परात लावली, तर तिची कड ताशी 56 किलोमीटरच्या वर जाते! म्हणून काम जितके मोठे, तितके फेरे कमी.

यानंतर पटाशी हाती येते. ती आधी टेकूच्या आडव्या पट्टीवर ठेवायची, आणि मगच लाकडाला लावायची. हा क्रम चुकला तर फिरते लाकूड पटाशी टेकूवर आपटते. टेकल्यावरही लगेच धार रोवायची नाही. धारेमागचा उतरता भाग प्रथम लाकडावर नुसता घासू द्यायचा, मग मूठ हळूहळू वर उचलायची. धार आपोआप लाकडात उतरते. लाटण्यासारखे लांब काम नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे कातायचे, म्हणजे तुटणाऱ्या तंतूंना खालच्या तंतूंचा आधार राहतो. उलट दिशेने गेले की तंतू उपटतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. नवख्याची पटाशी हटकून कोठे तरी रुतते. खाडकन आवाज होतो, लाकडाचा ढलपा उडतो आणि शिकणाऱ्याच्या छातीत धडधडू लागते. पुस्तकात हे सर्व छापता येते. पण मूठ किती उचलायची ते छापता येत नाही. त्या क्षणी शिक्षक मागून शिष्याच्या हातांवर आपले हात ठेवतो, आणि दोघांची मिळून एकच पटाशी चालते.

मुरलेला कातारी कानांनीही काम पाहतो. पटाशी नीट कापत असेल तर एकसारखा सळसळ आवाज येतो आणि लांब, वळलेल्या सोली निघतात. ती नुसती खरवडत असेल तर आवाज कोरडा होतो आणि भुसा पडतो. पाठमोरा बसलेला शिक्षक न वळताच म्हणतो, “धार गेली. लावून आण.” धार लावण्यात शिष्याचे कित्येक दिवस जातात, आणि त्याला ते फुकट गेल्यासारखे वाटतात.

पहिल्या महिन्यात वाटी नाही की भोवरा नाही. केवळ सरळ लाटणी कातायची. झालेले लाटणे सपाट फळीवर ठेवून शिक्षक ती फळी उजेडासमोर धरतो. लाटण्याखालून उजेडाची फट दिसली, की तेथे पटाशी खोल गेली हे शिष्यालाही कळते. शिक्षक काही बोलत नाही. तो कोपऱ्यातून दुसरा ठोकळा उचलतो आणि शिष्यापुढे ठेवतो.